ठिणगी वेळेवर पडली पाहिजे

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘माझा व्यवसाय, माझा अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, अरे, भाषण बँकेतल्या साहेबाला करायला सांगा, नाहीतर मुंबईच्या इंजिनिअरला. मी आपला गॅरेजवाला. त्यावर पलीकडून उत्तर आलं, “तू बोलला नाहीस तर सगळ्यांच्या गाड्या उद्या तुझ्या दारात उभ्या करू, फुकटात.” म्हणून उभा राहिलोय.

आपली १९८५ ची दहावीची बॅच. निकालानंतर काहीजण रत्नागिरीला कॉलेजात गेले, बरेचसे मुंबईला गेले, काही होडीवर गेले. मी गेलो एका उस्तादांच्या गॅरेजात, पाने पुसायला. आज माझ्या हाताखाली पोरं काम करतात. पण आज जे सांगणार आहे ते यशाचं नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीचं आहे. त्यातली एक व्यक्ती आज समोर बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलतोय.

आधी सरांच्या फळ्यापासून सुरुवात करतो. विज्ञानाच्या सरांनी नववीला इंजिनाची आकृती काढली होती, आठवतं ना? चार चौकोन, चार पिस्टन. पहिल्यात पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यात पिस्टन वर येऊन ती दाबतो, तिसऱ्यात स्फोट, चौथ्यात धूर बाहेर. दुसऱ्या चौकोनात पिस्टन अगदी वरच्या टोकाला आला की सर लाल खडूने ठिणगी काढायचे. ती आकृती मी वहीत सुंदर काढली होती. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. सर, पुढे गॅरेजात कळलं की तो कापलेला एक गुण नेमका ठिणगीचाच असायला हवा होता. (हशा)

कारण ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर पडत नाही. त्याच्या आधी पडते. का? आपल्या घरातलं उदाहरण देतो. पाहुणे एक वाजता जेवणार असतील तर आई भात एक वाजता चुलीवर ठेवते का? साडेबाराला ठेवते. कारण शिजायला वेळ लागतो. पेट्रोलचंही तसंच. आपण ‘स्फोट’ म्हणतो, पण ठिणगीपासून सुरू झालेली आग सिलिंडरभर पसरायला वेळ घेते. फार नाही, एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. पण तेवढ्यात क्रँक किती फिरतो ते बघा. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर एका हजारांश सेकंदात क्रँक ६ अंश फिरतो. ३००० फेरे असतील तर १८ अंश. म्हणजे आग पसरायला दोन हजारांश सेकंद धरले, तरी हळू चालणाऱ्या इंजिनात १२ अंश जातात आणि पळणाऱ्या इंजिनात ३६.

जास्तीत जास्त दाब कुठे यायला हवा? पिस्टन वरचं टोक ओलांडून थोडा खाली निघाला, साधारण १२ ते १५ अंश पुढे गेला, की तेव्हा. झोपाळ्याला धक्का देतो तसं. झोपाळा आपल्याकडे येत असतानाच ढकललात तर हात मोडेल. फार पुढे गेल्यावर ढकललात तर हात हवेत. वळून निघाला की लगेच द्यायचा. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच वरून मार बसतो. इंजिन टकटक वाजतं, जास्त झालं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. ठिणगी उशिरा पडली तर ताकद जाते, पेट्रोल जास्त लागतं, आणि जी उष्णता पिस्टनने कामाला लावायची ती सायलेन्सरच्या पाइपात जाते. रेडिएटर उकळतो.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उस्ताद सांगत ते मी करत होतो.

साल १९८८. भातकापणीचे दिवस. गावात तेव्हा मोजून काही गाड्या. त्यातली एक पेट्रोलची जुनी जीप, प्रवासी भरून रोज सड्यावरून चाफे, जाकादेवी, निवळीपर्यंत जायची. दहा-बारा दिवस आधी तिचे पॉइंट बदलायचं काम उस्तादांनी पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर सोपवलं होतं. पॉइंट म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी सांगतो. आम्ही ज्याला ‘डेल्को’ म्हणतो, त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन छोटे धातूचे तुकडे असतात. मध्ये चार कोनांचा एक दांडा फिरतो. त्याचा कोन आला की पॉइंट उघडतात, कोन गेला की मिटतात. मिटलेले असताना कॉईलमधून बॅटरीचा करंट वाहतो. उघडले की तो तुटतो, आणि त्या क्षणी कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टांचे हजारो व्होल्ट करून प्लगकडे पाठवते. म्हणजे पॉइंट ज्या क्षणी उघडतील, तोच ठिणगीचा क्षण. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर हे उघडमिट सेकंदाला १०० वेळा होते.

त्या जीपच्या पॉइंटमध्ये फट ठेवायची वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मी फिलर गेज लावून बरोबर ठेवली. टायमिंग जुळवलं. इंजिन चालू केलं, शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. मालक खूश, उस्ताद खूश, मी तर हवेत. फक्त एक गोष्ट राहिली. नवे पॉइंट बसवले की त्या फिरणाऱ्या दांड्याला ग्रीस लावायचं असतं. किती? मुगाच्या दाण्याएवढं. कारण पॉइंटचा फायबरचा पाय त्या दांड्यावर सतत घासत असतो. तेवढं ग्रीस मी विसरलो.

दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या धाकट्या भावाला शेताच्या बांधावर फुरसं चावलं. फुरसं कोकणात कुणाला सांगायला नको. रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, जखमेतून येत राहतं. लस मिळायची ती रत्नागिरीला, सिव्हिलमध्ये. पन्नासेक किलोमीटरची वाट. जीप काढली. मुलगा मागे आईच्या मांडीवर. बाप, काका, शेजारचे चार-पाच जण, आणि मी. गॅरेजचा पोर्‍या बरोबर असलेला बरा म्हणून मला घेतलं.

सपाटीला जीप बरी होती. जाकादेवी यायच्या आधी एका चढाला लागलो आणि मिसिंग सुरू झालं. धड-धड-फट, धड-फट. ड्रायव्हर जितका ॲक्सिलरेटर दाबेल तितकी जास्त. शेवटी जीप उभीच राहिली. उतरून बघतो तर इंजिन जागेवर मस्त चालतंय. गिअर टाकून चढाला लावली की परत तेच.

मी ठरवलं, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. चढाला गाडी मागते आणि पेट्रोल पुरत नाही, असा माझा हिशोब. बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, पेट्रोलची वाटी साफ केली. पाऊण तास गेला. मागे त्या मुलाची आई एक शब्द बोलत नव्हती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कार्बोरेटर बसवला, गाडी चढाला लावली. तेच. धड-फट.

मग ड्रायव्हरने युक्ती केली. शिकलेला माणूस नव्हता, पण गाडी ओळखत होता. म्हणाला, “सगळे खाली उतरा. पोरगा, त्याची आय आणि बाप, तिघंच राहूद्या.” आम्ही उतरलो. त्याने पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा जास्त दाबलाच नाही, आणि जीप गोगलगायीसारखी पण न अडखळता चढून गेली. आम्ही अंधारात मागून चालत राहिलो. दीडेक तासाच्या वाटेला त्या रात्री त्यांना साडेतीन तास लागले.

मुलगा वाचला. तो आज इथे आला आहे, दोन मुलांचा बाप आहे. मी सकाळपासून त्याच्याकडे बघतोय आणि तो माझ्याकडे बघून हसतोय. पण त्या रात्री मी चालत होतो तेव्हा तो वाचेल हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजात आली. उस्तादांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. डेल्कोची टोपी काढली, हँडलने इंजिन फिरवलं, पॉइंटच्या फटीत गेज घातलं. वीस थाऊची फट सहा-सात थाऊवर आली होती. फायबरचा पाय झिजून गेला होता आणि त्याची पूड आत पसरली होती. त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं, कोरडं बोट मला दाखवलं आणि एवढंच विचारलं, “ग्रीस?” मारलं नाही, शिवीही दिली नाही. मी जन्मात पुन्हा ग्रीस विसरलो नाही.

पण मला एक कळत नव्हतं. फट कमी झाली तर गाडी कायमच बिघडायला हवी. सपाटीला बरी, जागेवर मस्त, आणि माणसं भरून चढाला लावली की मिसिंग, हे का? उस्ताद म्हणाले, “असंच असतं.” तेवढ्यावर माझं समाधान होईना. रविवारी मी सरांच्या घरी गेलो. सर, तुम्ही ओटीवर पेपर तपासत होतात. तुम्ही म्हणालात, “इंजिन मला फळ्यावरचं येतं, तुझ्या गॅरेजातलं येत नाही. पण बस, दोघं मिळून बघू.” आणि आपण ती दुपारभर बसलो. त्या दुपारी जे उलगडलं त्यावर मी पुढची सदतीस वर्षं भाकरी खाल्ली आहे.

पहिली गोष्ट. फट कमी म्हणजे दांड्याचा कोन जास्त वर आल्याशिवाय पॉइंट उघडत नाहीत. म्हणजे उशिरा उघडतात. म्हणजे ठिणगी उशिरा. कुणी डेल्कोला हात न लावताही टायमिंग रोज थोडं थोडं मागे सरकत होतं.

दुसरी गोष्ट. पॉइंट नीट दूर जात नसतील तर करंट झटकन तुटत नाही, फटीतच छोटी ठिणगी मारत रेंगाळतो. मग कॉईलमधून पूर्ण जोर निघत नाही. ठिणगी उशिरा, आणि वर अशक्त.

तिसरी गोष्ट खरी. हवा जितकी दाबलेली, तितकं तिच्यातून ठिणगीला उडी मारणं कठीण. जागेवर चालणाऱ्या इंजिनात ॲक्सिलरेटर मिटलेला, सिलिंडरमध्ये जेमतेम हवा-पेट्रोल येतं, दाब कमी. अशक्त ठिणगीही तिथे उडी मारते. चढाला आपण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो, सिलिंडर गच्च भरतो, पिस्टन ते दाबतो, आणि दाब कितीतरी वाढतो. तीच अशक्त ठिणगी आता प्लगच्या फटीपाशी येऊन थांबते. त्यात ती उशिरा आलेली, पिस्टन टोकाच्या आणखी जवळ, म्हणजे दाब आणखी जास्त. नाही उडत. एक सिलिंडर कोरडा जातो. धड-फट.

म्हणून माणसं उतरल्यावर जीप चढली. वजन कमी झालं, ॲक्सिलरेटर अर्धा पुरला, सिलिंडर अर्धे भरले, आणि ठिणगीला झेपलं. ड्रायव्हरला यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्याने नेमकं तेच केलं. मला पॉइंट माहीत होते, तरी मी कार्बोरेटर फुंकत बसलो.

यावरून मी दोन नियम बांधले. एक, जागेवर मस्त चालणारं इंजिन काहीच सिद्ध करत नाही. माझ्या गॅरेजातून ट्यूनिंग केलेली गाडी बाहेर पडते ती चार पोरं आत बसवून, गावातून सड्यावर चढणाऱ्या रस्त्याने एकदा वर नेऊन आणल्यावरच. गिऱ्हाईक म्हणतं, पेट्रोल का जाळतोस? मी म्हणतो, ते माझ्या खर्चात धर.

दुसरा नियम, ऐकायला शिका. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी हळूहळू दमते, माणसाला धाप लागावी तशी. ठिणगी चुकते तेव्हा गाडी झटका देते, ठेच लागावी तशी. त्या रात्री जीप ठेचा खात होती. मी मात्र धापेवर औषध करत होतो.

आपल्या हवेचंही सांगतो. जयगडला बंदराची खारी हवा, आणि चार महिने पाऊस. डेल्कोच्या टोपीला केसाएवढा तडा गेला आणि त्यात ओल शिरली, की हजारो व्होल्टांना प्लगपर्यंत जायची गरजच उरत नाही, ते तड्यातूनच पळतात. दिवसा काही दिसत नाही. रात्री गॅरेजचा दिवा घालवून, बॉनेट उघडून, इंजिन चालू करून लांबून बघायचं. टोपीवर, वायरींवर निळ्या मुंग्या धावताना दिसतात. त्या काळी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळही व्हायची. रॉकेल लवकर टकटक करायला लावतं, म्हणून मेकॅनिक टायमिंग मागे घ्यायचे. मग गाडी वाजायची बंद व्हायची, पण चढाला मरायची. रोग दाबायचा आणि रोगी उठायचा नाही, असला प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गाड्यांना पॉइंटही नाहीत आणि डेल्कोही नाही. बरोबर. आता क्रँकपाशी सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते सांगतो. कॉम्प्युटर फेरे बघतो, हवा किती येते ते बघतो, आणि दर ठिणगीची वेळ नव्याने ठरवतो. फेरे वाढले की आधी, लोड वाढला की थोडी मागे, कारण गच्च भरलेलं मिश्रण लवकर जळतं. बऱ्याच गाड्यांत टकटक ऐकणारा सेन्सरही असतो. माझ्या कानाचं काम त्याने घेतलं. मला वाईट वाटत नाही, तो माझ्यापेक्षा चांगला ऐकतो.

पण दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारायची आहे, ते कुणी बदललेलं नाही. प्लग झिजून फट वाढली, कॉईलच्या रबरात ओल शिरली, की नवी कोरी दिसणारी गाडीही चढावर धड-फट करते. सीएनजीवर तर जास्तच, कारण त्या वायूतून ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून सीएनजीवाल्यांनो, पेट्रोलवर बरी आणि गॅसवर चढाला मिसिंग असं झालं, तर आधी प्लग बघा. आणि इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर तसेच पुढे जाऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग कायमचा खराब होतो. तो प्लगपेक्षा कितीतरी महाग आहे. स्कॅनर लावला की ‘पी ०३०१’ असं काहीतरी येतं, म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय. पण तो कुठे चुकतोय एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्यात घालून, गाडी चढाला नेऊन बघा. चूक कॉईलबरोबर सरकली तर कॉईल. नाही सरकली तर पुढे शोधा. हे सांगायला मला फी देऊ नका. गणपतीला गावी येताना निवळीच्या घाटात अडकलात की मगच माझा नंबर शोधता, त्यापेक्षा मुंबईहून निघायच्या आधी एवढं करा.

शेवटचं सांगतो आणि बसतो. ती जीप पुढे भंगारात गेली. तिचा डेल्को मात्र मी मागून घेतला होता. गेली कित्येक वर्षं गॅरेजच्या फळीवर होता. या महिन्यात मी तो साफ केला, लाकडी पाटावर बसवला, खाली फिरवायला हँडल लावलं, वर काचेची टोपी केली. हँडल फिरवलं की पॉइंट उघडताना-मिटताना दिसतात, बॅटरी जोडली की ठिणगीही दिसते. जुना झिजलेला पॉइंटही शेजारी खिळ्याला लावला आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तो आज शाळेच्या प्रयोगशाळेला देतोय.

सर, तुम्ही मघाशी मला विचारलंत, “काय रे, ठिणगी कधी पडते?” आता नववीच्या पोरांना फळ्यावर सांगायच्या आधी हँडल फिरवून दाखवता येईल. ग्रीस मी लावून ठेवलंय. वर्षातून एकदा येऊन परत लावीन.